नाथसागराची पाळ आणि शेंद्र्याचा नळ

(शेंद्रा येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ही व्याख्यानमाला कोणा पुढाऱ्याच्या नावाची नाही. जायकवाडीच्या भरावावर राबलेल्या आणि जायकवाडीच्या पाण्यासाठी घरदार सोडून उठलेल्या माणसांच्या स्मरणार्थ ती भरते, असे निमंत्रण द्यायला आलेल्या मंडळींनी सांगितले आणि मी तिथेच होकार दिला. माझी उमेदीची वर्षे मातीच्या भरावांवर गेली. त्या कामावर ज्यांच्याकडून शिकलो त्यांतल्या बऱ्याच जणांची नावे कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. आज त्यांच्यासाठी बोलायचे आहे.

शेंद्र्यात बसून पैठणच्या जायकवाडी धरणावर कशाला बोलायचे, असे कोणाच्या मनात येईल. आपल्या गावातून धरण दिसत नाही. जालना रस्त्याला लागून असलेल्या या पंचक्रोशीत पडलेला पाऊसही त्या धरणात जात नाही. तो पूर्वेकडे दुधनेच्या खोऱ्यात उतरतो, दुधनेतून पूर्णेत जातो आणि पैठणच्या पुष्कळ खाली गोदावरीला मिळतो. म्हणजे धरणाचा जलाशय, नाथसागर, भरायला आपण एक थेंबही देत नाही. आणि तरी इथल्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने, त्यांच्या आधाराने वाढलेल्या वसाहती, खानावळी, दवाखाने हे सगळे त्याच धरणावर जगते. चैत्रात शेंद्रा कमंगरला मांगीरबाबाची यात्रा भरते. ऐन उन्हाळ्यात एवढा समुदाय जमतो, तेव्हा पाण्याची तजवीज काय चीज आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. देण्यात वाटा नाही आणि घेण्यात आहे, अशी आपली जागा आहे. त्या जागेवरून आपले काय देणे लागते, हा आजचा विषय आहे.

आधी पाण्याची वाट पाहू. नाथसागर काठोकाठ भरतो तेव्हा त्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४६३.९ मीटर असते. खात्यातली जुनी माणसे अजून १५२२ फूटच म्हणतात. आपण बसलो आहोत ते पठार त्याहून शंभरेक मीटर उंच आहे. धरणातून उचललेले पाणी मैलोन् मैल नळातून पुढे जाते आणि वाटेत टप्प्याटप्प्याने चढवले जाते. जायकवाडी, ढोरकीन, फारोळा, नक्षत्रवाडी ही छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या वाटेवरची ठाणी. औद्योगिक विकास महामंडळाची वाहिनी वेगळी, पण धरण तेच. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहरासाठी नहर काढली, ती उत्तरेकडच्या डोंगरपायथ्यातून. जमिनीच्या पोटातले पाणी गोळा करून उताराच्या जोरावर गावात आणले आणि त्याच जातीच्या दुसऱ्या नहरीवर पुढे पाणचक्कीची जाती फिरली. ते पाणी कोणाला उचलावे लागले नाही. आजचे आपले पाणी दक्षिणेच्या सखल भागातून वर खेचलेले आहे. वीज गेली की ते थांबते. त्यामुळे ते महाग आहे, नळावर त्याची किंमत कितीही कमी लावलेली असो.

आता धरणाकडे येतो. या धरणाला जायकवाडी का म्हणतात, असा प्रश्न नव्या पिढीला पडतो, कारण पैठणला त्या नावाचे गाव नाही. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातले गोदाकाठचे गाव. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवर धरणाची पहिली कल्पना निघाली ती त्या गावाजवळ. महाराष्ट्र राज्य झाल्यावर नव्याने पाहणी झाली, शंभरेक किलोमीटर वर पैठणजवळची जागा अधिक सोयीची ठरली, आणि योजना इकडे सरकली. कागदांवरचे नाव मात्र तेच राहिले. मराठवाड्यातल्या या धरणासाठी शंकरराव चव्हाण यांनी पाटबंधारे मंत्री असताना आणि नंतरही जो आग्रह धरला, तो या भागातला माणूस विसरलेला नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पाकिस्तानशी युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता आणि देशात धान्याची टंचाई होती. पुढच्या जानेवारीत शास्त्रीजी गेले. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. मधल्या दहा वर्षांत १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. त्या दुष्काळाने मराठवाड्यातल्या घराघरातून माणूस फावडे-टोपले घेऊन कामावर निघाला, आणि धरण ही काय गोष्ट आहे ते लोकांना वर्तमानपत्र न वाचता कळले.

धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे. सर्वांत उंच जागी तिची उंची ४१ मीटरच्या वर जाते. नदीपात्रातला सांडवा दगडी बांधणीचा, त्याला २७ वक्राकार दरवाजे. टीव्हीवर दिसतात ते हेच. पण धरणाची बहुतेक लांबी म्हणजे त्या दरवाजांच्या दोन्ही अंगांना पसरलेली मातीची पाळ. तिचा फोटो कोणी काढत नाही. मला तिच्याविषयीच थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण आपल्या डोक्यात धरण म्हटले की दगड आणि सिमेंट येते, आणि माती म्हणजे कच्चे काम असा समज होतो. तो समज चुकीचा आहे.

मातीचे धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. त्याच्या पोटात गाभा असतो, तो काळ्या चिकण मातीचा. ही माती शेतकऱ्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ओली झाली की फुगते, पायाला चिकटते, पाणी खाली उतरू देत नाही. सुकली की हात जाईल एवढी भेगाळते. पाणी अडवायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण तिच्या एकटीच्या बळावर उंच भिंत उभी राहत नाही. ओली काळी माती आपल्याच वजनाने घसरते. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंनी मुरमाचे कवच घालतात. मुरूम पाणी सोडतो पण वजन पेलतो. एकाने पाणी धरायचे आणि दुसऱ्याने भार, अशी ही वाटणी. गाभ्याच्या खाली नदीकाठचा गाळ आणि वाळू उकरत कठीण खडक लागेपर्यंत चर खणायचा आणि तोही त्याच चिकण मातीने भरून घ्यायचा, म्हणजे पाणी पायाखालून निसटत नाही. पाण्याकडच्या उतारावर दगडांचे पिचिंग, कारण जिथे जलाशयाची रुंदी २५ किलोमीटरच्या वर जाते तिथे वारा सुटला की उठणाऱ्या लाटा उघडी माती राहू देणार नाहीत. आणि खालच्या अंगाला, पायथ्याशी, वाळू-खडीची गाळणी आणि दगडांचा पायथा. हा शेवटचा भाग लोकांना दिसत नाही, पण धरणाचे आयुष्य त्याच्यावर असते.

भराव घालण्याची रीत अशी. माती आणायची, वीतभर जाडीचा थर पसरायचा, ढेकळे फोडायची, पाणी मारायचे आणि रोलर फिरवायचा. मग त्या थराचा नमुना काढून प्रयोगशाळेत त्याची घनता पाहायची. नमुना उतरला तर पुढचा थर, नाही उतरला तर तोच थर उकरून पुन्हा. पाणी कमी पडले तर मातीत पोकळ्या राहतात. जास्त झाले तर माती रोलरखाली रबरासारखी हलते आणि दबत नाही. मधले नेमके प्रमाण गाठावे लागते. हे प्रमाण शास्त्रावर बसवले ते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातला अभियंता प्रॉक्टर याने. त्या शहराचे सेंट फ्रान्सिस धरण १९२८ मध्ये फुटले होते, शेकडो माणसे गेली होती. १९३३ मध्ये प्रॉक्टरने आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि आज जगातल्या प्रत्येक भरावावर त्याच्याच नावाची चाचणी होते. पण आमच्या कामावर एक मुकादम होते, ते मूठभर माती उचलून दाबायचे, सोडायचे, आणि सांगायचे की साहेब, अजून एक टँकर पाणी मारा. प्रयोगशाळेचा निकाल दुसऱ्या दिवशी यायचा तो बहुधा त्यांच्या बाजूने. शास्त्र हवेच, त्याशिवाय एवढी भिंत उभी करता येत नाही. पण मातीला हात लावून कळणारी माणसे कामावर असली तर त्या शास्त्राला डोळे मिळतात. अशा हजारो हातांनी नाथसागराची पाळ घातली आहे.

आता अवघड गोष्ट सांगतो. मातीच्या धरणातून पाणी पाझरतेच. कोणतेही मातीचे धरण कोरडे ठणठणीत नसते. गाभ्यातून हळूहळू झिरपलेले पाणी पायथ्याच्या गाळणीत येते आणि चरातून वाहून जाते; ते रोज मोजायचे असते. पाझर स्वच्छ असेल आणि जलाशयाच्या पातळीबरोबर कमीजास्त होत असेल, तर धरण सुखात आहे. पाझर गढूळ झाला तर पाणी आतली माती घेऊन बाहेर पडते आहे. पातळी तीच असताना पाझर वाढला, तरीही आत काहीतरी हलले आहे. अशा वेळी हातात दिवस नसतात, तास असतात.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेतचे धरण गेले, ते मातीचेच होते. काम पुरे व्हायच्या आत पावसाळ्याचे पाणी अडले, विमोचकाच्या मोरीवरचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासला फुटले आणि पुणे बुडाले. जायकवाडीची पायाभरणी झाली ती त्यानंतर चारच वर्षांनी. म्हणून त्या पिढीच्या अभियंत्यांच्या मनात पानशेत सतत होते, आणि भरावाच्या प्रत्येक थराचा नमुना घेण्यामागे ती धास्ती होती. आणखी एक तारीख पाहा. फेब्रुवारी १९७६ मध्ये जायकवाडीचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी ५ जून रोजी अमेरिकेत आयडाहो राज्यात टेटन नावाचे ९३ मीटर उंचीचे नवे कोरे मातीचे धरण पहिल्यांदा भरत असतानाच फुटले. सकाळी कामगारांना गढूळ पाझर दिसला आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण वाहून गेले. पैसा, यंत्रे, नावाजलेले अभियंते, कशाची कमी तिथे नव्हती. पायाच्या खडकातल्या भेगा नीट बुजल्या नाहीत, आणि गाभ्याची माती भुसभुशीत जातीची होती. आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसहून जास्त माणसे गेली. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. गढूळ पाझर पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुतेक वेळा गुराखी असतो, शेतकरी असतो किंवा चौकीदार असतो. त्याचे म्हणणे किती लवकर वर पोहोचते आणि कोण ऐकते, यावर खालच्या गावांचा जीव असतो.

हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. जायकवाडी मोठे, नावाजलेले, यंत्रणेच्या नजरेखालचे धरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये दरवाजांतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले, पैठणमध्ये पाणी शिरले, गोदाकाठ हादरला. पाळ मात्र जागची हलली नाही. त्या बांधणाऱ्यांना याहून मोठे प्रशस्तिपत्र नको. पण बांधणारे गेले आणि राखणीची पाळी आपली आहे. मातीच्या पाळीवर झाडे वाढू द्यायची नसतात, कारण झाड मेले की मुळांच्या जागी पाण्याला वाट होते. वेडी बाभूळ एका पावसाळ्यात डोके काढते. घुशी, उंदीर, साळिंदर बिळे करतात. पिचिंगचे दगड सरकतात, पायथ्याचे चर गवताने बुजतात. ही सगळी कामे खुरप्याची, फावड्याची आणि रोज पायी फिरणाऱ्या माणसाची आहेत. या कामाचे उद्घाटन होत नाही, त्यामुळे पैसे कापायचे झाले की कात्री पहिली त्याच्यावर चालते. पाळीवर फिरणाऱ्या चौकीदाराची जागा रिकामी ठेवून कॅमेरे बसवण्याला मी सुधारणा म्हणत नाही. कॅमेरेही बसवा, पण माणूस ठेवा.

इथे मला संत एकनाथांच्या वाड्यातल्या रांजणाची आठवण येते. पैठणला नाथषष्ठीच्या आधी तो रांजण गोदावरीच्या पाण्याने भरायला सुरुवात होते. आलेला प्रत्येक भाविक आपली घागर त्यात रिकामी करतो. रांजण भरून वाहिला की देव आला असे मानतात, कारण श्रीखंड्याच्या रूपाने देवाने नाथांच्या घरी पाणी भरले अशी श्रद्धा आहे. त्याच नाथांचे नाव जलाशयाला दिले आहे. पाणी भरणे हे देवाचेही काम आहे, असे मानणाऱ्या भागातले आपण लोक आहोत. तर धरणाची राखण करणाऱ्या मजुराचे काम हलके कसे?

आता ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांतल्या दुसऱ्या माणसांविषयी. नाथसागर पसरट आहे. भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली जाते. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली शंभराहून जास्त गावे त्यात बाधित झाली. ती गोदाकाठची जमीन होती, पिढ्यान् पिढ्या गाळ खाऊन सकस झालेली. मराठवाड्यात त्याहून चांगली जमीन फारशी नव्हती. आणि कायद्याचे पाहा: राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा झाला १९७६ मध्ये, म्हणजे धरणाचे उद्घाटन झाले त्या वर्षी. गावे त्याआधी उठली होती. हक्क म्हणून मागायला कायदाच नव्हता, जे मिळाले ते सरकारी आदेशावर मिळाले. दुष्काळी वर्षात जलाशय आटतो तेव्हा जुनी गावठाणे, देवळांचे चौथरे, विहिरींची तोंडे उघडी पडतात. लोक फोटो काढायला जातात. जुनी माणसे मात्र आपला उंबरा शोधतात. मागे हटणाऱ्या पाण्यावर गाळपेर करून जगणारे शेतकरी आणि जाळी टाकून जगणारे भोई-कहार आजही त्याच काठावर आहेत. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. रोहित आणि चक्रवाक येतात, ते यावेतच. पण काठावरच्या माणसाचा पाण्यावरचा हक्क कोणत्या नियमाने कसा आकसतो, हे ठरवताना त्याला विचारले गेले पाहिजे.

पाण्याचा हिशेब थोडक्यात मांडतो. धरणाची एकूण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसीच्या वर. त्यातले ७३८ दशलक्ष घनमीटर, सुमारे २६ टीएमसी, मृतसाठा. वापरायचे ते २१७१. एकूण साठ्याला पसाऱ्याने भागले तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर निघते. एवढे उथळ, एवढे पसरट पाणी मराठवाड्याच्या उन्हात उघडे पडलेले असते. समजा साठा खाली जाऊन पसारा २०० चौरस किलोमीटर राहिला आणि मे महिन्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडाले, तर रोज १६० कोटी लिटर हवेत जाते. शहरासाठी जी नवी योजना चालू आहे तिची पूर्ण क्षमता दिवसाला ३९ कोटी २० लाख लिटर धरली आहे. त्याच्या चौपट पाणी सूर्य पितो. हे नुकसान धरणाच्या जागेतच आहे, त्याला कोणाला दोष देऊन उपयोग नाही. पण उन्हाळ्यासाठी पाणी राखायचे तर नुसते साठवून भागत नाही, वेळेवर आणि शहाणपणाने वापरावे लागते, हे त्यातून कळते.

त्या नव्या योजनेचे भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी झाले. खर्च १६८० कोटींवरून २७४० कोटींवर गेला. अडीच मीटर व्यासाची वाहिनी. दरम्यान भरलेल्या धरणापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या शहरात बायाबापड्यांनी कित्येक दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट पाहत पिंपे भरली. धरणात पाणी असून नळाला नसणे, ही निसर्गाची अवकृपा नाही. ते सरळसरळ कारभाराचे अपयश आहे आणि तसेच म्हटले पाहिजे.

आणि धरणात पाणी येते कुठून? त्याचे पाणलोट क्षेत्र २१,७५० चौरस किलोमीटर आहे, आणि भरवशाचे पाणी येते ते नाशिक आणि नगरच्या घाटमाथ्यावरून. वर गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, निळवंडे अशी धरणे आहेत. ती भरल्यावर आपल्याकडे येते. म्हणून वाद होतात. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले, मेंढेगिरी समितीने सूत्र बसवले, आणि १९ सप्टेंबर २०१४ रोजी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश झाला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. मराठवाड्याने हे भांडून मिळवले आणि ते न्याय्य आहे. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला आपण काय सांगतो? नदी सगळ्यांची आहे, तुम्ही आधी आहात म्हणून सगळे तुमचे नाही. मग हाच न्याय जायकवाडीच्या खाली लावायला हवा. डावा कालवा २०८ किलोमीटर जातो, जालना-परभणीकडे. उजवा १३२ किलोमीटर, बीड जिल्ह्यात माजलगावपर्यंत. धरण त्या शेतीसाठी बांधले. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचत नाही आणि आपल्याला मात्र नळाने बारमाही येते. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने आपण वरच्या अंगाचे लोक आहोत.

२००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला आणि मग शेतीला क्रम दिला होता. २०११ मध्ये तो बदलून शेती पुन्हा दुसरी झाली. एप्रिल २०१६ मध्ये धरण मृतसाठ्यात असताना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने उद्योगांच्या पाण्यात कपात केली. मद्यनिर्मिती करणाऱ्यांची आधी ५० आणि मग ६० टक्के. कारखानदारीवर माझा राग नाही. २००१ पासून स्कोडा इथे गाड्या बांधते, ऑरिक या औद्योगिक नगरीमुळे आणखी उद्योग आले, शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकरांची नगरी उभी राहते आहे, इथल्या मुलामुलींना घराजवळ काम मिळते. ते हवेच. ऑरिकच्या आराखड्यात वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय पहिल्यापासून आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. तिचा आकडा दर महिन्याला लोकांना कळला पाहिजे: धरणातून किती घेतले, किती पुन्हा वापरले, किती सोडले आणि कसे सोडले. शहराच्या अंगाने खाम नदी सांडपाणी घेऊन नाथसागराकडेच जाते. एकीकडून शुद्ध पाणी उचलायचे आणि दुसरीकडून त्याच जलाशयात घाण सोडायची, हे फार काळ चालणार नाही. त्याची किंमत फारोळ्याच्या शुद्धीकरणात आणि पोरांच्या पोटदुखीत आपण आत्ताही मोजतो.

माझे म्हणणे आता सरळ सांगतो. जो धरणाचे पाणी पितो, तो त्या पाळीचा राखणदार आहे, मग तो साठ किलोमीटरवर का राहत असेना. केंद्राचा धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी करणे आणि आणीबाणीचा कृती आराखडा ठेवणे त्याने बंधनकारक केले आहे. नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे, आपल्या शहरात १९८० पासून वाल्मी ही जल आणि भूमी व्यवस्थापन संस्था आहे. ज्ञान आहे, कायदा आहे, माणसे आहेत. तपासणीत काय दिसले, हे मात्र पाणी पिणाऱ्याला कोणी सांगत नाही आणि तो विचारतही नाही. शेंद्र्याने विचारायला सुरुवात करावी. जायकवाडीच्या पावसाळापूर्व तपासणीचा सारांश, पाझराच्या नोंदी आणि रिकाम्या पदांची संख्या साध्या मराठीत पंचक्रोशीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. इथल्या उद्योगांच्या पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा फक्त पाळीच्या देखभालीसाठी आणि बुडीत गावांच्या पुनर्वसित वसाहतींतल्या पाण्यासाठी राखून ठेवावा. अशा वसाहतींना नळाच्या पाण्यासाठी ताटकळावे लागत असेल, तर आपल्या पेल्यातल्या पाण्यावर त्यांचा आधी हक्क आहे.

त्यासाठी मोर्चा लागत नाही. ग्रामसभेचा ठराव लागतो, त्यावर सह्या लागतात आणि तो जलसंपदा खात्याकडे आणि औद्योगिक विकास महामंडळाकडे पाठवून उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करणारी चार माणसे लागतात. शेंद्रा कमंगर, कुंभेफळ, लाडगाव, करमाड इथली मंडळी आज समोर आहेत. येत्या पावसाळ्याआधी तुमच्या ग्रामसभांनी हा ठराव करावा, ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे.